तळाला, बारीक अक्षरांत

पापाच्या तिकटीला माझं सेवा केंद्र,
चपलांच्या दोन दुकानांमध्ये चिणलेलं.
बाळगोंडा मामा दर नोव्हेंबरला येतात
हयातीचा दाखला द्यायला.
जिवंत आहे, एवढंच सांगायचं असतं,
पण ते कुठल्या खिडकीत
हे दर वर्षी नव्यानं शोधावं लागतं.

एकतीस वर्षं टपाल वाटलं त्यांनी.
'गंगावेशीत, दुधाच्या कट्ट्यामागं, शांतवक्कास मिळावे'
एवढ्यावर पाकीट पोचायचं.

माऊसला मला हात लावू देत नाहीत.
वहीत वाट लिहून आणलेली:
वर डावीकडं तीन रेघा.
त्यांच्या पोटात 'सेवा'.
तिथनं चौथी ओळ, निळी.
हिरवं बटण दिसलं तर चुकलो. मागं फिरणे.

मी अशी कधीच चालत नाही.
दोन शब्द टाकते शोधपट्टीत
आणि थेट कुणाच्या तरी माजघरात उतरते,
उंबरा कुठल्या अंगाला होता ते न बघता.
सतरा टॅब उघडे. कुठनं आले, विचारू नका.
मामा मात्र चुकले की पहिल्या पानावर,
पुन्हा वेशीतून आत.
'मधनंच शिरलं की बाई, परतीची वाट गावत न्हाई.'

यंदा तीन रेघाच नव्हत्या.
रातोरात सगळं रंगवून काढलेलं,
'सेवा' होती तिथं एका हसऱ्या कुटुंबाचा फोटो.
मामांनी बाण नेला, दाबला.
कुटुंब हसत राहिलं.

'पेठेत घर पाडलं तर शेजारी सांगायचे
कुठं गेली माणसं.
हितं कुणाला इचारू?'

माझा हात शोधपट्टीकडं निघालाच होता,
तेवढ्यात रेशनकार्डाच्या रांगेतनं एक पोर,
कडेवर भाऊ, त्याच्या गालात गुळाचा खडा:
'खाली जावा की मामा. आनि खाली. पार तळाला.
बारीक अक्षरं हाइत न्हवं?
जुनं समदं तिथंच ढकलत्यात.'

मामा गेले खाली.
चष्मा कपाळावर, नाक काचेला.
होतं.

अंगठा यंत्रानं दोनदा नाकारला,
मनीऑर्डरी मोजून रेषा झिजलेल्या.
तिसऱ्यांदा हयात.

मग वहीतली जुनी वाट
त्यांनी एका तिरक्या रेघेनं कापली,
खाली टपाली अक्षरात नवा पत्ता:
तळाला, बारीक अक्षरांत.
न सापडल्यास
रांगेतल्या पोरीस विचारणे.