खालच्या बाजूला

फॉर्मच्या सातव्या रकान्यात लिहायचं असतं
धरण फुटलं तर कोण.

फुटेल का, हे नाही.
त्याला वेगळा फॉर्म आहे, वेगळी सही.
इथं फक्त खाली बघायचं.

केपें तालुक्यातला मातीचा बांध, उंची सात मीटर,
माथ्यावर गवत, सिमेंटची दोन बाकं,
पाच पेडल बोटी, त्यातल्या एका हंसाची मान
गेल्या शिगम्यापासून तारेनं बांधलेली.
रविवारी मडगावहून गाड्या येतात,
मुलं माशांना चिप्स टाकतात.
या पाण्यावर एक वाफासुद्धा भिजत नाही.
नोंदीत तसंच आहे: प्रयोजन, करमणूक.

कुष्टा वेळीप बोटींची तिकिटं फाडतो
आणि वर्षातून एकदा माझ्यापुढे चालत बिळं दाखवतो.
हे खेकड्याचं. हे उंदराचं.
हे घोरपडीचं, पण ती गेली, रस्त्यावर मेली.
उताराच्या मध्यावर तो चपला काढतो.
कमरेइतकं वारूळ, वर अबोलीचा सुकलेला वळेसर.
"बाय, ही रोयण. ही काडूंक जायना."
नियमावली म्हणते, वारुळं खणून काढावीत,
पोकळी चिकणमातीनं ठासून भरावी.
माझ्या नोकरीसाठी आई
अशाच एका वारुळाला नवस बोलली होती.
मी लिहिलं: साखळी क्रमांक ११०, वारूळ एक, निरीक्षणाखाली.
बूट हातात घेऊन पुढे गेले.

पायथ्याशी पाझर. ओंजळीत धरून पाहिला.
नितळ. म्हणजे बांधाला घाम आलाय, एवढंच.
गढूळ असता
तर बांधच निघाला असता थोडा थोडा.

मग ओढ्याकाठानं उतरले, घड्याळ लावून.
आधी नुसती करवंदं.
दहाव्या मिनिटाला पंपाची खोली, कुलूप.
अठराव्या मिनिटाला बोंडूंचा वास
आणि सोखू गांवकराची काजूची भट्टी.
(मला अठरा लागली. पाण्याला चार लागतील.)

माझ्याआधीच्या साहेबांनी लिहून ठेवलंय:
तात्पुरती. मार्च ते मे. पावसाळ्यात रिकामी.
संभाव्य जीवितहानी शून्य. वर्ग: कमी घातक.
बरोबरच होतं. असले बांध फुटतात ते पावसात,
आणि पावसात सोखू वर वाड्यावर, लेकाकडे.

आता झावळ्या जाऊन पत्रे आलेत. विजेचा मीटर.
आत वाकून पाहिलं तर वाशाला
माटोळीची चौकट, सुंभाचे तुकडे अजून लोंबणारे.
मी काही विचारलं नाही.
चवथ भाद्रपदात येते.
ज्याच्या डोक्यावर माटोळी, तो पावसात इथंच होता,
आणि ज्याचा गणपती वेगळा त्याची चूलही वेगळी.

वरची माती तीच, उतार तोच, पाझर नितळ.
एका म्हाताऱ्याचं लेकाशी पटलं नाही
आणि धरणाचा वर्ग चढला.
हे सरपंचांना कसं सांगायचं?
ते विचारतील, बांधाला तडा गेलाय काय?

सोखूनं उर्राकात लिंबू पिळलं.
मी ड्युटीवर आहे म्हटलं. त्यानं ते स्वतः प्यायलं.
"म्हजें नांव घातलां?"
नाव नसतं, फक्त आकडा.
"कितलो?"
एक.
भट्टीखालचं लाकूड त्यानं उगाच पुढे सारलं.
"दोन घाल," म्हणाला. "चवथीक पूत येतलो."

सातव्या रकान्यात पेनानं एक.
शेजारी समासात, पेन्सिलीनं, आणखी एक.

वर चढायला सव्वीस मिनिटं लागली.
ती कुठं लिहायची हे फॉर्ममध्ये नाही.
कुष्टा पाण्यात उभा राहून
हंसाच्या मानेची तार पिळत होता.