मी आलो

भोसरीच्या एमआयडीसीत, व्हॉल्व्हच्या कारखान्यात
निर्यात विभागाच्या कोपऱ्यात माझं टेबल.
खाली लेथची घरघर, माझ्या कानात स्पॅनिश.

मोन्तेरेयचे साहेब म्हणाले, पैसे आओरिता पाठवतो.
माझ्या वहीत आओरा म्हणजे आता,
आओरिता म्हणजे आत्ताच्या आत्ता.
तसंच अकाउंट्सला कळवलं.
तीन आठवडे गुंजाळ विचारतायत,
"काय हो, तुमचं आत्ता अजून उजाडलं नाही?"
आणि स्वतः "आत्ता आलो" म्हणून चहाला जातात
ते थेट जेवणाच्या सुट्टीत उगवतात.

टिळक रोडच्या क्लासात आगाशे बाईंनी शिकवलेलं,
कोहेर : घेणे, पकडणे.
बाई दोन वर्षं सालामांकात राहिलेल्या.
बस कोहेर, छत्री कोहेर, सर्दीसुद्धा कोहेर.
म्हणून रोसारिओच्या ओस्वाल्दोंना मी सरळ विचारलं,
विमानतळावरून टॅक्सी कोहेर करणार, की गाडी पाठवू?
तिकडे शांतता.
मग एवढं मोठं हसू, की हेडफोन काढून ठेवला
तरी टेबलावरून ऐकू येत होतं.
"सेन्योरिता, आमच्यात टॅक्सीशी असलं काही करत नाहीत.
आमच्यात तोमार म्हणा."
अर्थ नंतर शोधला.
इथे लिहिणार नाही.

ते हसू मी आधी ऐकलेलं.
गडहिंग्लजहून आलेली, एकोणीस वर्षांची,
कर्वेनगरच्या होस्टेलच्या दारात बॅग टेकवून
मी म्हणाले होते, "मी आलो."
तिघी गादीवर लोळल्या.
"आलो? मुलगा आहेस का गं तू?"

आई गेलो म्हणते. मावशी बसलो म्हणते.
आत्या बाळंत झाली तेव्हाही "दमलो बाई" म्हणाली.
कुणाचंच व्याकरण चुकलं नव्हतं.
तरी त्या रात्री बाथरूमच्या आरशाला
मी घोकून दाखवलं :
आले, गेले, बसले, दमले.
चौदा वर्षं झाली, आता चुकत नाही.
फोनवर आईच जराशी अडखळते,
"पुण्याची झालीस की."

ओस्वाल्दोंचा मुलगा माद्रिदला असतो.
घरी आला की तिकडची क्रियापदं बोलतो,
वोस तेनेसच्या जागी तू तिएनेस.
"लो एस्त्रान्यो," ते म्हणाले. त्याच्यावाचून करमत नाही.
एस्त्रान्यो म्हणजे परका, हे मला ठाऊक होतं.
परका आणि करमत नाही
एकाच शब्दात कसे मावतात,
हे बाईंना विचारायचं राहिलं.

शनिवारी गेटबाहेर उभी राहून आईला फोन लावला.
"कधी येतीस?"
"आत्ता आलो बघ," म्हटलं.
ती काही बोलली नाही. नुसतीच हसली.

रजा पुढच्या महिन्याच्या वीस तारखेला आहे.
मोन्तेरेयचे पैसे अजून यायचेत.