सहा आठवडे मौन

विल्मारच्या घशात दोन गाठी निघाल्या.
हरभऱ्याएवढ्याही नाहीत, डॉक्टरीण म्हणाली,
पण सहा आठवडे तोंडातून शब्द काढायचा नाही.
कुजबुजायचंही नाही. कुजबुज तर त्याहून वाईट.
मी हसले. हसायला नको होतं.

अकरा वर्षांखालची पोरं, शनिवारी नऊची मॅच,
आणि हा माणूस गुरुवारपासून जेवत नाही.
पहाटे तीनला स्वयंपाकघरात दिवा,
मेजावर बाटल्यांची बुचं : सात आपली, सात त्यांची.
एक पुढे सरकवतो, मागे घेतो.
दिवसभर साल्तोच्या कारखान्यात संत्र्यांचे क्रेट उचलतो,
बोटांना सालीचा वास, उशीलाही तोच.
क्लबकडून मिळकत म्हणाल
तर वर्षाला एक जाकीट.

तारेपलीकडून आईबाप ओरडायचे.
हा त्यांच्यावर, पंचावर, नदीवरून येणाऱ्या वाऱ्यावर.
एप्रिलमध्ये एल्बिओवर ओरडला.
पास चुकला होता, एवढंच.
भर मैदानात पोराची चड्डी ओली झाली.
ती मीच धुतली, बाकीच्या पंधरांबरोबर,
दोरीवर मधोमध वाळत घातली.
विल्मार तिच्याकडे बघत राहिला,
हातातली येर्बा-माते निवून गेली.

मौनाच्या पहिल्या शनिवारी
तोंड मिटलं, तर हात ओरडायला लागले.
मग ते खिशात घातले.
सहा गोलांनी हरलो.
घरी येताना त्याने गाडी दोनदा थांबवली,
उतरला, नुसता उभा राहिला, परत बसला.

तिसऱ्या आठवड्यात जेवताना वही पुढे सरकवली :
'आपला गोलकीपर खेळताना गातो. तुला माहीत होतं?'
दोन वर्षं शिकवतोय त्या पोराला.
मला माहीत होतं.
मी भाकरीचा तुकडा मोडला.

पाचव्या आठवड्यात तो सातपर्यंत झोपला.
तीनला मीच जागी झाले, सवयीने.
स्वयंपाकघर काळोखात, बुचं बरणीत.
तिथेच बसून राहिले, पाय गारठेपर्यंत.

आवाज परत मिळाला त्या दिवशी
पहिला शब्द कुत्र्याला गेला, तोही घोगरा.
मग सायकल काढून एल्बिओच्या गल्लीकडे गेला.
तासाने आला. चाकांना चिखल.
काय झालं, मी विचारलं नाही.

चार नंबरचा शर्ट
मी अजून दर रविवारी धुते.
मळलेला नसतो.