डांबर निवायच्या आत

अकरा वाजले तरी जिवाजीगंजात कोहरा.
महापालिकेचा ट्रक उभा,
ताडपत्रीखाली माल वाफाळतोय.
मुकादम पचौरी घड्याळ बघतो, मग आभाळ,
मग पुन्हा घड्याळ.

आमच्या फाटकासमोरचा खड्डा दिवाळीच्याही आधीचा.
त्याला चुकवायचं वळण माझ्या मनगटांना पाठ;
स्कूटर आपणहून डावीकडे झुकते.

हलकाईनं आधी तो मोठा केला.
छिन्नीनं कडा चौकोनी कापल्या,
सैल खडी उपसली, झाडूनं धूळ काढली,
आणि दाताच्या डॉक्टरसारखं वाकून आत पाहिलं.
"काय बघतोस रे?"
"ओल," तो त्याच्या बुंदेलीत म्हणाला,
"ओलीवर घातलं तर होळीसुद्धा बघत नाही."

मग ऊन आलं. पातळ, पाणी घातलेल्या ताकासारखं.
पचौरी ओरडला, आणि घमेली सुटली.
बैनीबाई चालत नव्हती, पळत होती,
अंगात पुरुषाचा स्वेटर, पायात दोन जातींच्या चपला.
रोलर दोनदा फिरला.
तिसऱ्यांदा डिझेल संपलं.
वहीत तीन लिहिलं गेलं.

सगळे पुढच्या खड्ड्याकडे गेले.
ती तेवढी मागे राहिली,
चपला काढून काळ्या चौकोनाच्या कडेला
एक पाय शेकत,
मग दुसरा.
चहा विचारायला हवा होता मी.
फाटकाची कडी हातात होती, तशीच राहिली.

रात्री परतताना रस्ता सपाट.
तिथे, नेमकी मधोमध,
गल्लीतली भुरी कुत्री पोट टेकून झोपलेली.
मी डावीकडे झुकले.