पान अकरा, ओळ सहा

काल रात्री मीच मांडल्या खुर्च्या,
एकशे नव्वद, त्यातल्या चार लंगड्या.
लंगड्या मागच्या रांगेत, भिंतीला टेकवून.
तिथं उशिरा येणारे बसतात
आणि उशिरा येणाऱ्यांनी कुरकुर करायची नसते.

मार्चचा पहिला मंगळवार. व्हरमाँटच्या डोंगरात
बर्फ सुटून रस्त्यांचा राबडा झालाय.
माणसं बुटांना लावून अर्धा गाव आत आणतात,
बास्केटबॉलच्या रेषांवर सांडतात
आणि अंदाजपत्रकाची हिरवी पुस्तिका उघडून बसतात.

मी पान अकरावर आहे. ओळ सहावी.
'इमारत देखभाल: पूर्ण पदाऐवजी साठ टक्के.'
नाव घातलेलं नाही. गरजही नाही,
या शाळेला झाडू एकच आहे.

डेल्फीन लाकास, एरवी गायींची डॉक्टर,
आज सभेची अध्यक्ष. हातोडी आपटते: कलम चार.
एकवीस लाख चाळीस हजार डॉलर.
पगार, विमा, कर्जाचे हप्ते, नवा बॉयलर
अडीच मिनिटांत मुकाट निघून गेले.
कुणी खोकलं, एवढंच.

मग आलं पान चौदा. एक ओबो, अठराशे डॉलर.

ओबो म्हणजे काय, इथपासून सुरुवात.
ऑर्विल पेल्की उठला, तीस वर्षं 'नाही' म्हणत आलेला:
'बासरीनं भागत नाही का?'
संगीताच्या बाई म्हणाल्या, ओबोच्या सुरावर
बाकीची वाद्यं जुळवून घेतात.
'मग आजवर कशावर जुळवत होता?'
'अंदाजानं.'
त्या पुस्तिकेतला तो शब्द
दिवसभरात एवढा एकदाच खरा बोलला गेला.

पाऊण तास ओबो चालला.
कुणाच्या तरी माळ्यावर एक निघाला, तडा गेलेला.
मेपलवाला थॅडियस घायकुतीला आला,
भट्टीवर रस उकळतोय, बायको एकटी आहे,
काय तो निकाल लावा.
त्याचं ऐकून सगळे जेवायला उठले.

घेवडा, हॅम, आणि आठवीच्या पोरांनी
सहलीसाठी विकायला ठेवलेले सफरचंदाचे पाय,
तीन डॉलरला एक फोड. पेल्कीनं दोन घेतल्या.

जेवणानंतर कॉन्स्टन्स मार्बलची दुरुस्ती:
एकूण आकड्यातून बारा हजार कमी करा.
कुठून? मागून कुणी विचारलं.
डेल्फीननं नियम वाचला:
आकडा तुमचा, कात्री शाळेच्या बोर्डाची.
सात जणांनी हात वर करून चिठ्ठ्या मागितल्या,
म्हणजे चिठ्ठ्याच.

रांगेत माझ्यापुढं मार्बलबाई. मागं वळून म्हणाल्या,
'तुझ्याबद्दल काही नाही हं, लायनस. कराबद्दल आहे.'
म्हटलं, ठाऊक आहे. मलाही घर आहे, मलाही कर आहे.
पेन्सिलीचं टोक मोडकं होतं,
खिशातल्या चाकूनं तासून घेतलं,
माझ्यासाठी आणि पुढच्यांसाठीही.
मी काय लिहिलं ते सांगणार नाही.
चिठ्ठीला घडी घालतात ती उगाच नाही.

चौऱ्याण्णव विरुद्ध एक्याण्णव. कपात मंजूर.
मग उरलेलं सगळं एका हुंकारात मंजूर,
कोटाची बटणं लावता लावता.
ओबो राहिला की गेला, कुणालाच माहीत नाही.
मी राहिलो किती, तेही नाही.
पुढच्या बुधवारी बोर्ड बसेल.

खुर्च्या मिटताना पेल्कीच्या जागेखाली
त्याची हिरवी पुस्तिका सापडली.
पान चौदाच्या समासात पेन्सिलीनं गणित:
घराची किंमत, कराचा दर, भागाकार, हातचा एक,
आणि खाली चौकटीत,
ओबो, माझा वाटा: सहा डॉलर.

मागं पान अकरा उलटून पाहिलं.
समास कोरा होता.
ओळ सहावर चिखलाचा एक अंगठा,
वाचताना टेकवलेला असेल, किंवा पान उलटताना.

मग बादली भरली.
फरशी साठ टक्के पुसून
थांबता येतं का ते पाहिलं.
नाही येत.