बरी हवा

स्वस्तातली डबी नुसता अंदाज सांगते म्हणे.
ही महाग घेतली, कार्बन डायऑक्साइड खरोखर मोजणारी.
लावली डोक्याच्या उंचीला, गॅसपासून लांब.

विडी घरकुलात आमच्याकडे
तंबाखू उडू नये म्हणून पंखा बंद, खिडकीला पुठ्ठा.
मांडीवर सूप घेऊन अम्मा विड्या वळते.
तिच्या खोकल्याला मोबाईलवर आकडा नाही.

पहिल्या रात्री चौदाशे.
पंधरवड्यानं सहाशे! मी खूश.

मग माहितीपत्रक वाचलं:
आठ दिवसांत मिळेल ती बऱ्यातली बरी हवा
यंत्र स्वच्छ धरतं
आणि तिथून मोजतं.
अधूनमधून उघड्यावर न्यावं.

गच्चीवर नेऊन ठेवलं, सोलापूरच्या उन्हात, सावली बघून.
अम्माला म्हटलं, तूही चल घटकाभर.

"मला काय धाड भरलीय?
इथं बरंय की."