टिमकतनंतर

टेफचा दाणा राजगिऱ्याहून बारीक,
मूठ आवळली तरी गळतोच.
गोज्जामच्या माळावर देसालेव खळ्यात बैल फिरवतो,
मुसकं न बांधता.
शास्त्रातच तसं लिहिलंय, बाप सांगायचा.

परवा टिमकतला
धर्मगुरूंनी तळ्याचं पाणी उडवलं,
गार, थेट मानेत.
सगळे हसले. हा नाही.

तीन वर्षांमागं नांगरताना
भावाच्या बांधावरचा दगड
हातभर सरकवला होता त्यानं.
तेव्हापासून 'हे आमच्या पित्या' म्हणताना
'आमच्या'पाशी जीभ अडते.

आज भरदुपारी बैल सोडून
पहार घेऊन निघाला.
दगड जड.
तेव्हा इतका नव्हता.
खाली पांढुरके कोंब, दबलेले.

"आलास?"
पलीकडून भाऊ म्हणाला,
आणि दुसऱ्या अंगानं खांदा लावला.